ओसरी : गावच्या वाहिनीवरच्या मराठी कार्यक्रमाच्या नोंदी

११ सप्टेंबर २०२३, सोमवार

गावच्या केबल चॅनेलच्या केंद्रावर नाव नोंदवून आले. शाळेच्या मागच्या बाजूला, तळघरात आहे. विजेचं बिल दाखवलं, मी याच गावात राहते हे सिद्ध झालं. काय करणार, कोणत्या भाषेत करणार, अनुभव आहे का, यातलं काहीही विचारलं नाही. मग एक करार वाचून सही केली. त्याचा मतलब असा : कार्यक्रमात जे बोललं जाईल त्याची जबाबदारी माझी, दुसऱ्याची गाणी-चित्रं परवानगीशिवाय लावायची नाहीत, कशाची जाहिरात नाही, किंमत सांगायची नाही, पैसे मागायचे नाहीत. एवढं पाळलं की कॅमेरा, स्टुडिओ, संकलनाचा संगणक सगळं फुकट. आधी तीन वर्ग मात्र करायचे.

घरी नवरा म्हणाला, "फुकट? मॅसॅच्युसेट्समध्ये?" त्याला सांगितलं ते लिहून ठेवते, कारण हा प्रश्न आता प्रत्येक जण विचारणार. रस्ता गावचा, तारा कंपनीच्या. गावाच्या रस्त्यांवरून केबल न्यायची तर गावाचा परवाना लागतो, आणि परवाना देताना गाव अट घालू शकतं की एक-दोन चॅनेल आमच्या लोकांसाठी मोकळे ठेवा आणि केबलच्या उत्पन्नातला ५ टक्क्यांपर्यंत वाटा द्या. अमेरिकेच्या १९८४ च्या केबल कायद्यात ही सोय आहे. त्या चॅनेलवर कोण काय बोलतं यात कंपनीने हात घालायचा नाही, हेही तिथेच लिहिलंय.

मिरजेला आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याचंही 'लोकल चॅनेल' होतं. दिवसभर खालून पट्टी सरकायची, अमक्याच्या चिरंजीवाला वाढदिवसाच्या शुभेच्छा, तमक्या दुकानात साड्यांचा सेल. संध्याकाळी गावच्या बातम्या, रात्री पिक्चर, विसर्जनाला मिरवणूक आणि कमानी. आम्ही मिटक्या मारत बघायचो. पण नळाला पाणी नाही म्हणून बायका बोलणार, तर त्याला वाटलं तर कॅमेरा यायचा. निवडणुकीच्या महिन्यात त्याला सहसा वाटायचं नाही.

२५ सप्टेंबर, सोमवार

दुसरा वर्ग. कॅमेऱ्यासमोर कोरा कागद धरून त्याला 'हा पांढरा' असं सांगावं लागतं, नाहीतर ट्यूबलाइटखाली माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात. वर्गात सहा जण : शाळेतली दोन पोरं, एक निवृत्त पोस्टमन (त्याला आगगाड्यांवर कार्यक्रम करायचाय), चर्चमधली दोघं, मी.

कार्यक्रमाचं नाव ठरलं, 'ओसरी'. महिन्यातून एकदा, २८ मिनिटं, मराठीत, खाली इंग्रजी ओळी.

५ ऑक्टोबर, गुरुवार

आज शिकवणाऱ्याने यंत्रं बाजूला ठेवून इतिहास सांगितला. मला वाटलं होतं झोप येईल, नाही आली.

गावानेच चालवायचं चॅनेल पहिल्यांदा १९६८ मध्ये व्हर्जिनियातल्या डेल सिटीत झालं म्हणतात. खरी सुरुवात १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये. मॅनहॅटनमधल्या केबलवर लोकांसाठी चॅनेल उघडले आणि त्याच वर्षी जॉर्ज स्टोनी आणि रेड बर्न्स या दोघांनी न्यूयॉर्क विद्यापीठात एक केंद्र काढून लोकांना कॅमेरे चालवायला शिकवायला घेतलं. स्टोनी त्याआधी कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात होते. तिथल्या उपक्रमात एखाद्या वस्तीवर फिल्म करण्याऐवजी वस्तीच्याच हातात फिल्म द्यायची, असा प्रकार चालायचा. सोनीचा खांद्याला अडकवायचा व्हिडिओ कॅमेरा नुकताच आला होता म्हणून हे जमलं. नाहीतर बोलायची इच्छा काय, सगळ्यांना कधीपासूनच होती.

१९७२ मध्ये एफसीसी म्हणजे दळणवळण आयोगाने मोठ्या १०० बाजारपेठांतल्या केबल कंपन्यांना असे चॅनेल सक्तीचे केले. १९७९ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आयोगाला तो अधिकारच नाही. मग १९८४ चा कायदा आला. त्यात सक्ती नाही, मागायचं की नाही ते ज्या-त्या गावाने ठरवायचं. म्हणून एका गावाला तीन चॅनेल आणि शेजारच्या गावाला ठणठणपाळ, असं अजूनही दिसतं.

मला राहवलं नाही, मी खेडा प्रकल्पाचं सांगितलं. गुजरातमधला खेडा जिल्हा, पीज गाव, १९७५. एक किलोवॅटचा छोटा ट्रान्समीटर, इस्रोचे आणि दूरदर्शनचे लोक, दूध सोसायट्यांत बसवलेले टीव्ही, आणि पडद्यावर त्याच भागातली माणसं त्यांच्याच गुजरातीत मजुरीबद्दल, अस्पृश्यतेबद्दल बोलतायत. शिकवणारा थांबला, फळ्यावर नाव लिहून घेतलं. 'पीज' चुकीचं लिहिलं, पण लिहिलं. तो ट्रान्समीटर दहा वर्षांनी तिथून हलवला हे मी सांगितलं नाही. पाहुण्यांसमोर घरचं कशाला.

२१ ऑक्टोबर, शनिवार

पहिलं चित्रण : भोंडला. अठरा बायका, मधे पाटावर हत्ती, स्टुडिओच्या काळ्या पडद्यासमोर. गाणी पारंपरिक घेतली. चित्रपटातली लावता येत नाहीत, ते एका अर्थी बरंच झालं.

आवाजाने घाम काढला. गळ्याशी लावायचा छोटा माईक म्हणजे शर्टाच्या काठाला लावायची वस्तू. पदराला लावला तर पदर हलला की वादळ. ब्लाउजला लावला तर मंगळसूत्राची वाटी त्यावर आपटते, प्रत्येक श्वासाला 'टक्'. हेडफोनवर ऐकणारा तंत्रज्ञ पोरगा घाबरला, त्याला वाटलं केबल तुटली. शेवटी उपाय निघाला : मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, माईक डाव्या खांद्यावर पदराच्या पिनेलाच, वायर मागून. उजव्या हाताच्या बांगड्या उतरवल्या. कऱ्हाडच्या काकूंनी मात्र बांगड्या उतरवायला साफ नकार दिला. "नातू झालाय घरात, हात मोकळे ठेवू होय?" मग हात मांडीवर ठेवून बोला म्हटलं. त्यांना हात न हलवता बोलता येत नाही.

या काकू सुनेच्या बाळंतपणाला सप्टेंबरात आल्या आहेत, सहा महिन्यांसाठी. रोज साडेदहाला लायब्ररीत चालत जातात. "तिथं ऊब असते, बाक असतो, आणि कोण हटकत नाही."

१ नोव्हेंबर, बुधवार

संकलन झालं. देवनागरी शीर्षकाने रडवलं. स्टुडिओच्या नावं टाकायच्या यंत्रात 'दिवाळी' टाइप केलं की वेलांटी 'द'च्या उजवीकडे जाऊन बसते आणि 'क्ष'चे दोन तुकडे होतात. दोन तास घालवल्यावर लेकीने अक्कल दिली : घरी संगणकावर शब्दांचं चित्र बनव आणि ते चित्र लाव. पंधरा मिनिटांचं काम. प्रत्येक नाव आता चित्र आहे, पाणिनीला काय वाटेल ते वाटो.

९ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी सातला 'ओसरी' लागली. गंमत अशी की ती बघायला आमच्यापैकी कुणाकडेच केबल नाही! अठराच्या अठरा घरांत फक्त इंटरनेट. केंद्र नंतर यूट्यूबवर टाकतं, पण मला 'लागलेलं' बघायचं होतं. म्हणून शेजारच्या आजीबाईंकडे गेले. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या राहतात, बेसबॉलसाठी केबल ठेवलीय.

त्यांनी पूर्ण अर्धा तास पाहिलं. मधे एकदाच विचारलं, या हत्तीभोवती का फिरतायत. मी हस्त नक्षत्र समजावायला गेले, माझंच मला नीट आठवेना. मग काकू दिसल्या आणि आजीबाई पुढे सरकून बसल्या. "ही! ही रोज माझ्या खिडकीवरून जाते. साडी आणि वर जाड कोट." त्यांनी तिला मनातल्या मनात एक नावही दिलं होतं, ते मी लिहीत नाही. मग म्हणाल्या, हिला कुणीतरी सांगा, बर्फ पडला की या रस्त्याचा फूटपाथ कुणी साफ करत नाही. मागे मी तिथेच पडले होते, मनगट मोडलं.

रात्री झोप येईना. सुंदर झाला होता भोंडला, पण तो न्यू जर्सीतही तसाच झाला असता, दुबईतही. गावच्या चॅनेलवर गावचं असं त्यात काय होतं? आजीबाईंनी एका वाक्यात जे सांगितलं, तेवढंच.

८ जानेवारी २०२४, सोमवार

मधले दोन महिने गेले दिवाळी फराळाच्या भागात आणि मुलांच्या आजारपणात. फराळाचा भाग बरा झाला, त्यावर लिहिण्यासारखं नाही.

काल या मोसमातला पहिला मोठा बर्फ. आज सकाळी काकूंचा फोन, "येतीस का? मी निघालेय, पुस्तकं द्यायची आहेत." कॅमेरा घेऊन पळाले. रस्त्यावरचा बर्फ प्लाऊने बाजूला लोटलेला, बाजूला म्हणजे कुठे, तर नेमका फूटपाथवर. कमरेएवढा बांध. काकू रस्त्यातून चालल्या होत्या, खांद्याला कापडी पिशवी, एका हाताने निऱ्या वर धरलेल्या, आतून थर्मल, पायात सुनेचे बूट. मोटारी त्यांना वळसा घालून जात होत्या. मी त्यांच्या मागे पन्नास पावलांवर. चित्र हललंय, पण हललेलंच बरोबर आहे.

थंडीत बॅटरी अकरा मिनिटांत मेली. दुसरी काखेत धरून गरम केली. पुढच्या वेळी दोन्ही बॅटऱ्या पोलक्यात. (हा तंत्रज्ञ पोराने सांगितलेला उपाय नाही, माझा.)

२० जानेवारी, शनिवार

स्टुडिओत तिघं : काकू, तेलुगू बोलणारे एक आजोबा (हिंदी चालेल म्हणाले) आणि शेजारच्या आजीबाई. मी मधे दुभाषी. काकूंनी कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही, आजीबाईंकडेच पाहून बोलत राहिल्या, मराठीत, आणि आजीबाई मान डोलावत राहिल्या. "आमच्याकडं पावसात चिखल असतो. पण चिखल दिसतो तरी. इथं रस्त्यावर गोठलेलं काळं बर्फ दिसतच नाही. जीव मुठीत धरून चालते मी."

आता हे खाली इंग्रजीत लिहायचं कसं? शब्दशः केलं की मूठ राहते आणि जीव जातो. लेक म्हणाली, 'मला रोज भीती वाटते' एवढंच लिही. तेवढंच लिहिलं. काकूंच्या तोंडचं वाक्य पडद्यावर असं उघडंबोडकं झालेलं बघून वाईट वाटलं.

एकूण ४७ मिनिटं भरली, मर्यादा २८. फूटपाथ ठेवला. तेलुगू आजोबांचं औषधाच्या दुकानाचं गेलं, काकूंचा चौकातल्या दिव्याचा मुद्दाही गेला, त्यात त्यांना खोकला आला होता आणि विषय फुटत होता. एका भागात एकच गोष्ट, असं वर्गात शिकवलंय.

६ फेब्रुवारी, मंगळवार

फूटपाथचा भाग महिन्याच्या एक तारखेला लागला. केंद्रावर दोन फोन आले. एक जण म्हणाला, त्याच रस्त्यावर माझी आई राहते, ठराव आणणार असाल तर सही करतो. दुसऱ्याने विचारलं, आमच्या पैशांवर चालणाऱ्या चॅनेलवर इंग्रजी सोडून दुसरी भाषा का?

केंद्रप्रमुख बाईंनी त्याला काय सांगितलं ते मी समोर बसून ऐकलं. आवाज न चढवता म्हणाल्या : इथे जो आधी येतो त्याला वेळ मिळतो, मजकूर आम्ही तपासत नाही, तुम्ही गावात राहत असाल तर सोमवारी वर्ग सुरू होतोय, तुम्हालाही अर्धा तास मिळेल. त्याने फोन ठेवला.

नंतर मी विचारलं, खरंच दिला असता? "द्यावा लागतो." मग त्यांनी कॅन्सस सिटीचं सांगितलं. तिथे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्णद्वेषी संघटनेने लोकांच्या चॅनेलवर वेळ मागितली. १९८८ मध्ये नगर परिषदेने त्यांना रोखण्यासाठी चॅनेलच बंद करून टाकलं. क्लॅन कोर्टात गेली आणि पुढच्या वर्षी चॅनेल परत सुरू झालं. माझ्या मराठीला जे दार उघडं, तेच त्यांनाही. मला हे पचायला जड गेलं, अजूनही जातं. पण दारावर कुणाला बसवायचं म्हटलं तर मिरजेचा केबलवालाच डोळ्यांसमोर येतो.

अर्थात दारावर कुणीच नसतं असंही नाही. मॅनहॅटनच्या केंद्रावर टीका करणारी फिल्म त्याच केंद्रावर दाखवली आणि पुढे ती करणाऱ्यांवर बंदी आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१९ मध्ये पाच विरुद्ध चार असा निकाल लागला की केंद्र चालवणारी संस्था खासगी आहे, सरकार नव्हे; म्हणून अभिव्यक्तिस्वातंत्र्याची घटनेतली हमी तिला लागू नाही. बाई हेही स्वतःहून बोलल्या. मला आवडलं ते.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

गावाच्या वार्षिक सभेत विषय मांडायला दहा मतदारांच्या सह्या लागतात, बस्स दहा. काकू मतदार नाहीत, तेलुगू आजोबा नाहीत, मीही ग्रीन कार्डवाली. आजीबाईंनी पहिली सही केली, प्लास्टर निघालं तरी अजून वाकडं राहिलेल्या हाताने. चौदा झाल्या. मजकूर : या रस्त्याचा फूटपाथ गावाने साफ करायच्या फूटपाथांच्या यादीत घ्यावा. बंधनकारक नाही, नुसती विनंती.

आज मोठं वादळ येणार म्हणून बॉस्टनने कालच शाळांना सुट्टी जाहीर केली होती. बर्फ पडलाच नाही म्हणावा इतका कमी. लेक दिवसभर घरी आणि मी वैतागलेली. फूटपाथ कोरडा ठणठणीत. अर्जावर हसतोय असं वाटलं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

केंद्राच्या मंडळाची बैठक, मी मागे बसले. तीन पगारी माणसांपैकी एक जागा जुलैपासून रिकामी ठेवणार. हिशेब सरळ आहे. पैसे येतात केबल टीव्हीच्या उत्पन्नातून. लोक केबल तोडतात, तसा वाटा आटतो. त्याच कंपनीचं इंटरनेट त्याच तारेतून येतं, पण त्याचं उत्पन्न मोजत नाहीत. त्यात २०१९ ला एफसीसीने कंपन्यांना मुभा दिली की पैशांऐवजी दिलेल्या सोयीही त्या ५ टक्क्यांत धरा. स्ट्रीमिंग कंपन्यांकडून असाच आकार घ्यावा असं विधेयक बॉस्टनला विधिमंडळात पडून आहे. म्हणजे आमच्या अठरा घरांनी केबल न घेता केबलच्या पैशांवर भोंडला केला. कुणी बोललं नाही, पण मी माझ्यापुरती खुर्चीत खाली सरकले.

१४ मार्च, गुरुवार

काकू गेल्या. विमानतळावर सोडायला मीही. सभा मे महिन्यात, त्या नसणार. "तू आहेस की. आणि ती म्हातारी आहे." बांगड्यांचा हात हलवत आत गेल्या.

६ मे, सोमवार (रात्री साडेअकरा)

सभा शाळेच्या सभागृहात. केंद्र ती थेट दाखवतं, मी स्वयंसेवक म्हणून कॅमेरा २ वर. मतदार नसलेल्यांना वेगळ्या खुर्च्या असतात. मला कॅमेऱ्यामागे उभं राहायचं असल्याने तो प्रश्न सुटला.

आमचा विषय तिसावा. शाळेच्या छपरावर एक तास, कुत्र्यांच्या मैदानावर पाऊण तास. मतदार जांभया देत उठून जायला लागले. दहा वाजून चाळीस मिनिटांनी आजीबाई माईकपाशी आल्या. तीन मिनिटं मिळतात, त्यांनी दीडच घेतली. मनगटाचं सांगितलं. मग म्हणाल्या, ज्या बाईंसाठी मी बोलतेय त्यांना तुम्ही चॅनेलवर पाहिलंय. आणि काकूंचं नाव घेतलं. कागदावर लिहून आणलं होतं, चष्मा वर-खाली करत अक्षर-अक्षर वाचलं. मला चौकट घट्ट करायची होती, झूमवरचं बोट जरा थरथरलं. प्रक्षेपणात दिसतं ते.

बांधकाम खात्याचा माणूस म्हणाला, यंत्र एकच आहे, हा रस्ता घेतला तर दुसरा सोडावा लागेल. विषय अभ्यासासाठी खात्याकडे, शरदातल्या सभेत उत्तर. हात वर करून मंजूर. कॅमेरे आवरले, वायरी गुंडाळल्या (उलट-सुलट वेढे, नाहीतर पीळ पडतो), दोन बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या.

७ मे, मंगळवार

सकाळी कऱ्हाडहून फोन. नातवाच्या बापाने दुवा पाठवला होता, काकूंनी सभा पाहिली होती. "माझं नाव काय म्हणाली गं ती! आमच्या म्हशीचं पण कुणी असं घेत नाही." हसून झाल्यावर म्हणाल्या, "फूटपाथचं झालं. दिव्याचं का नाही कुणी बोललं?"

कोणता दिवा?

"चौकातला. चालणाऱ्यांचा. अर्ध्यात गेलं की लाल होतो. बाबागाडी घेऊन किती वेळा अडकले. मी बोलले होते की तुझ्या त्या खोलीत. कापलंस व्हय?"

हो म्हटलं. खोकला आला होता तुम्हाला.

"मग? खोकला काय मलाच येतो?"

दुपारी केंद्रावर जाऊन पाहिलं. कच्चं चित्रण सर्व्हरवर ६० दिवस ठेवतात. २० जानेवारीचं मार्चमध्येच पुसलं गेलंय. घरच्या डिस्कवर मी फक्त २८ मिनिटं उतरवून घेतली होती.

काकूंना सांगितलंय, फोन आडवा धरून परत बोला आणि पाठवा. कितीही मिनिटं. जूनच्या भागाची सुरुवात त्यानेच. पावसाळ्याआधी पापडाची घाई आहे, म्हणाल्या, झाली की पाठवते.